खोट्या डोक्याचा बोल्ट

माझ्या भावाला लोक 'उद्यावाले' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ठाऊक आहे. गाड्यांचे सायलेन्सर बदलणं हा त्याचा धंदा, आणि दहातल्या आठ गिऱ्हाइकांना तो एकच सांगतो, उद्या या. गंजलेल्या बोल्टला तेल पाजायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी पाना लावायचा. कोणी घाई केली तर म्हणतो, पलीकडच्या गल्लीत दुसरं गॅरेज आहे, तिकडे न्या. लोक चिडतात, बोनेट आपटतात, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्याने येतात. कारण दादाच्या हातून बोल्ट तुटत नाही.

मी त्याची धाकटी बहीण. पुढच्या खोलीत बसते, सुटे भाग विकते, फोन घेते, गिऱ्हाइकांची बोलणी खाते आणि वेळ आली की व्याजासकट परत करते. वहिनी गेली तेव्हा दादाची लेक नऊ वर्षांची होती. तिच्या वेण्या घालायला म्हणून आले ती इथलीच झाले. माझं लग्न का नाही झालं वगैरे विचारू नका, तो विषय वेगळा आहे आणि माझं डोकं फिरतं. गाडीखाली दादा उताणा आणि टॉर्च धरून मी वाकलेली, अशी आमची निम्मी जिंदगी गेली. दुसऱ्या कोणी टॉर्च धरलेली त्याला चालत नाही. म्हणतो, उजेड हलतो.

त्याची पद्धत सांगते, कारण पुढे तीच कामाला येणार आहे. बोल्ट सोडवायचा म्हणजे आधी सोडवायचा नाही. आधी केसभर आवळायचा. आतला गंज तेवढ्याने तडकतो. मग पाव फेरा मागे, जरा पुढे, परत मागे. नाहीच हलला तर गॅसच्या बत्तीने लाल करायचा आणि त्याला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आत शिरतं. बोल्ट कुरकुरला तर ठीक आहे, तो येतोय. पण पान्याखाली मऊ लागला, रबरासारखा पिळवटायला लागला, की हात काढून घ्यायचा आणि थांबायचं, कारण आता तो तुटणार. हे 'मऊ लागणं' दादाला बोटांत कळतं. मला अजून कळत नाही.

आता त्या दिवसाचं. लेक सकाळी नऊला गाडी घेऊन आली, मागे भिंगरी. भिंगरी म्हणजे तिची मुलगी, वय वर्षं चार. एका जागी बसेल तर शपथ, गोल गोल फिरून पडायची आणि हसत उठायची, म्हणून दादानेच ते नाव ठेवलं. पण थंडी सुरू झाल्यापासून त्या पोरीचं काहीतरी बिनसलं होतं. डोकं दुखतं म्हणून रडायची, उलट्या करायची, शाळेत गेल्यावर बाकावर मान टाकायची. लेक शिक्षिका आहे, शाळा दीड तास लांब, पोरीला रोज गाडीतून बरोबर नेते-आणते. जावई दूरच्या नोकरीवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवतात. रविवारी पोरगी बरी असायची, सोमवारी परत तेच. एका डॉक्टरांनी जंत म्हटलं, एकांनी चष्मा, तिसऱ्यांनी शाळेची भीती. लेकीचं स्वतःचंही डोकं ठणकायचं, पण ते आम्ही सगळ्यांनी काळजीच्या खात्यावर टाकलं.

शेवटी मोठ्या शहरातल्या इस्पितळाची तारीख मिळाली, दोन महिने थांबून. संध्याकाळी भरती व्हायचं, सकाळी पोरीला भूल देऊन डोक्याचं चित्र काढणार आणि पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढणार. चार वर्षांच्या पोरीच्या मणक्यात. लेकीने हे फोनवर सांगितलं तेव्हा दादा हातातला चहा न पिता तसाच मोरीत ओतून आला होता.

तर चार वाजता निघायचं होतं आणि गाडीचा सायलेन्सर वाटेत गळून पडायच्या बेतात. सकाळी गल्लीच्या टोकापासून आवाज ऐकू आला, ट्रॅक्टर यावा तसा. दादाने खाली वाकून बघितलं, सायलेन्सर कुजलेला, मधला पाइप चाळणी झालेला. म्हणाला, दोन्ही बदलतो, दुपारपर्यंत होईल. गंजलेलं काम आयुष्यात पहिल्यांदा त्याने उद्यावर टाकलं नाही, असं मी म्हणणार होते; पण ते खरं नाही. दुसऱ्यांदा.

लेक पुढच्या खोलीत माझ्या रेक्झिनच्या बाकावर बसली. भिंगरी तिच्या मांडीवर झोपून गेली होती, गाडीतून उचलून आणली तीच झोपेत. तोंड उघडं, गाल लाल. गोड दिसत होती. हो, मी म्हटलंसुद्धा, बघ कशी गुलाबासारखी दिसतेय. आता ते वाक्य आठवलं की जीभ कापून टाकावीशी वाटते.

पाइप जिथे पुढच्या ओतीव नळाला जोडलेला असतो तिथे दोन बोल्ट. इंजिनातला धूर ज्या ओतीव नळातून बाहेर पडतो त्याला आम्ही मॅनिफोल्ड म्हणतो. दोन्ही बोल्ट गंजून लोखंडाचे की मातीचे कळेना असे झालेले. दादाने तारेच्या ब्रशने साफ केले, तेल सोडलं, बत्ती लावली, मेण टेकवलं. पहिला कुरकुरत आला. दुसरा मऊ लागला. मी वरून बघत होते. दादाचा हात थबकला, त्याने मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून गेले होते. आणि त्याने पाना ओढला.

तुटला. कट्‌ असा बारीक आवाज. दादा गाडीखालच्या खड्ड्यात तसाच उभा राहिला, तुटकं टोक तळहातावर घेऊन.

मी म्हटलं, होतं असं एखाद्या वेळी, माणूस आहेस.  आता तुटलेला तुकडा मॅनिफोल्डमध्ये अडकलेला, म्हणजे अख्खं मॅनिफोल्ड इंजिनापासून सोडवून टेबलावर घेणं आलं. त्याचे आठ बोल्ट. आणि त्या आठांतला शेवटचा मला ठाऊक होता.

गाडी आधी एका निवृत्त हेडमास्तरांची. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ती मॅनिफोल्डच्याच कामासाठी आणली होती. बायकोला आणायला स्टेशनवर जायचं होतं, आणि मास्तर अंगणात छडी हरवल्यासारखे येरझाऱ्या घालत होते. दर पाच मिनिटांनी माझ्या खिडकीशी येऊन, झालं का. आठवा बोल्ट, सगळ्यात मागचा, जिथे हात जेमतेम पोचतो आणि डोळा पोचतच नाही, तो इंजिनाच्या तोंडाशी सपाट तुटला. दादा म्हणाला, हा काढायला उद्या लागेल. मी मास्तरांना तोंड देऊन देऊन विटले होते. मी म्हटलं, "लाव डोकं आणि हो मोकळा. तिथे कोण बघायला जातंय?"

डोकं लावायचं म्हणजे काय, ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी कबूल करत नाही. तुटक्या बोल्टचं नुसतं डोकं भट्टीच्या भेगा बुजवायच्या लेपात बुडवून भोकावर चिकटवायचं. वरून बघितलं तर आठ बोल्ट. आत सात. लेप दगडासारखा होतो, वर्षानुवर्षं टिकतो. दादाने माझ्याकडे रागाने बघितलं, मग बाहेरून मास्तरांची हाक आली, आणि त्याने डोकं लावलं. पुढच्या खेपेला नीट करतो, म्हणाला. पुढची खेप आली नाही. गाडी छान चालत होती.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांची नजर गेली, गाडी विकायला निघाली. लेकीला शाळेसाठी गाडी हवीच होती. दादाने मध्यस्थी केली. लेकीला म्हणाला, "डोळे मिटून घे, या गाडीची हमी माझी." त्या रात्री मी त्याला विचारलं, तो मागचा बोल्ट? म्हणाला, हात घालून बघितलं, घट्ट आहे, कोरडा आहे, उगीच छेडायला नको. मीही सोडून दिलं. मला बरंच वाटलं, खरं सांगायचं तर.

तर दादाने एकेक करत सात बोल्ट काढले.  एकाला दोनदा लाल करावं लागलं. मग त्याने मागे हात घातला, मी टॉर्च धरली, आणि आठव्याला पाना लावायची गरजच पडली नाही. डोकं त्याच्या दोन बोटांत अलगद निघून आलं, पिकलेलं बोर यावं तसं. लेप कधीच भुगा होऊन गेला होता. आणि त्या भोकापासून वर, काजळीचा एक काळा पट्टा निघाला होता, बोटभर रुंद, सरळ चढत चढत गाडीच्या आतल्या पंख्याची हवा जिथून ओढली जाते त्या जाळीपर्यंत.

"हात लाव," दादा म्हणाला.

मी जाळीला बोट लावलं. काळं झालं. मागून पुढच्या खोलीतून भिंगरीच्या ओकारीचा आवाज आला, आणि लेकीचा, झालं हं बाळा, झालं.  सोमवार ते शनिवार दीड तास जाताना, दीड तास येताना. खिडक्या बंद. थंडीत पोरीला सर्दी होते, काचा वर ठेव, असं लेकीला बजावणारा हाच बाप. लेकीने एकदा सांगितलंही होतं की बारीकसा वास येतो, तर म्हणाला होता, सायलेन्सर कुजलाय, पाइप मागवलाय. पण धुरातल्या ज्या विषाने माणूस झोपी जातो, गाल लाल होतात, त्याला वास नसतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

आता मी जे बोलले ते सांगते. लपवण्यात अर्थ नाही, निदान इथे तरी. मी म्हटलं, दादा, गप्प बस. आत्ता नीट करू, पोरगी आपोआप बरी होईल, कोणाला काही कळायची गरज नाही. हे मी म्हटलं. नऊ वर्षांत माझं तोंड जराही सुधारलं नव्हतं.

दादा खड्ड्याच्या काठावर बसला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे, आणि ते तो मांडीवर पालथे ठेवून बघत राहिला. "उद्या सकाळी तिच्या पाठीत सुई घालणार आहेत," म्हणाला. "कशासाठी? मी डोकं लावलं म्हणून?" मग उठला आणि ते बोल्टचं डोकं मुठीत धरून पुढच्या खोलीत गेला. मी त्याच्या मागे गेले, दाराच्या चौकटीपाशी थांबले.

त्याने सगळं सांगितलं. भोक, लेप, काजळी, जाळी. मास्तरांची घाई सांगितली नाही, माझं नाव घेतलं नाही. मी केलं, मी केलं, मी हात लावून बघितलं आणि सोडून दिलं, असंच बोलत होता. लेक ऐकत होती, एका हातात प्लास्टिकची बालदी, दुसऱ्या हाताने पोरीचं कपाळ धरलेलं. तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने बालदी खाली ठेवली.  पोरीला उचलून अंगणात गेली, उघड्यावर, अगदी फाटकापर्यंत, जणू आमच्या भिंतींतूनही ते विष येत होतं.

तिथून तिने इस्पितळात फोन लावला. त्यांनी सांगितलं, पोरीला मोकळ्या हवेत ठेवा, वाटेत पहिलं जे इस्पितळ लागेल तिथे आधी रक्त काढायला सांगा आणि नळीने प्राणवायू द्या, मग इकडे आणा. रक्तात सापडलं तर सुई लागणार नाही. लेकीने फोन ठेवला आणि पहिल्यांदा बापाकडे बघितलं. "डॉक्टरांना काय सांगू?"

"सांग, माझ्या बापाने केलं."

लेक ताबडतोब रिक्षाने पोरीला चौकातल्या दवाखान्यात घेऊन गेली. मी येते म्हटलं तर नको म्हणाली. दोन तास आम्हाला काही कळलं नाही. दादा मला म्हणाला, टॉर्च धर.

कोणासाठी करत होता कोण जाणे. लेक त्या गाडीत पाय ठेवणार नव्हती, हे त्यालाही दिसत होतं. पण तो त्या आठव्या भोकापाशी गेला. तुटका बोल्ट आत नऊ वर्षं भाजून इंजिनाशी एकजीव झालेला. दादाने त्याच्या तोंडावर वेल्डिंगने लोखंडाचा ठिपका चढवला, ठिपक्यावर नट जोडला, नटाला पाना लावला. नट उखडून आला. परत ठिपका, परत नट. परत उखडला. हाताची सालटं निघाली, मनगटावर ठिणगी पडून फोड आला. मी रडत होते, उजेड हलत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला त्यावरून काही म्हटलं नाही. तिसऱ्यांदा नट जोडला आणि मग पाना खाली ठेवला. लाल रंग जाऊन लोखंड काळं पडेपर्यंत नुसता बसून राहिला. घड्याळाकडे बघितलं नाही. मग मेण टेकवलं, केसभर आवळलं, आणि मागे फिरवलं.

कुरकुरला. पाव फेरा. परत पुढे. अर्धा फेरा. बोटभर लांबीचा तो तुकडा बाहेर यायला वीस मिनिटं लागली. नऊ वर्षांपूर्वी काय, हेच करायचं होतं. मास्तरांची बायको स्टेशनवर थोडा वेळ बाकावर बसली असती.

मॅनिफोल्डमधला सकाळचा तुकडाही टेबलावर निघाला, आणि पाइप, सायलेन्सर, नवे आठ बोल्ट, सगळं बसलं तेव्हा साडेतीन झाले होते. लेक परत आली ती सामान घ्यायला. भिंगरी तिच्या कडेवर जागी होती, नाकाखाली नळीच्या पट्टीचे वळ. रक्त काढून सीलबंद बाटली बरोबर दिली होती, मोठ्या इस्पितळात तपासायला. पाचची बस होती.

"आता पक्कं आहे," दादा म्हणाला.

"बाबा, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता."

त्यावर दादाने काय करावं? गाडी अंगणात मधोमध घेतली, आत बसला, चारही काचा वर केल्या, पंखा पूर्ण लावला, आणि इंजिन चालू ठेवून नुसता बसून राहिला. मला म्हणाला होता, दीड तास. जेवढा पोरगी बसायची तेवढा. माझा जीव टांगणीला. काम पक्कं झालंय हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, तरी दर दोन मिनिटांनी जाऊन काचेवर टकटक करत होते, आणि तो आतून मान हलवत होता, ठीक आहे. एकदा त्याने डोळे मिटले तर मी दाराची कडी ओढली. नुसते पुसत होता.

पाऊण तास झाला असेल. लेक पायरीवर बसून हे सगळं बघत होती. मग तिने भिंगरीला माझ्या मांडीवर दिलं, चालत गेली, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली. दार लावून घेतलं. काचेमागे दोघं समोर बघत बसलेले. ती काहीतरी विचारत होती, त्याचे ओठ हलले नाहीत. दादाने मला नंतर सांगितलं. तिने विचारलं होतं, हात लावून बघितलंत ना तेव्हा, मग काय वाटलं तुम्हाला?  मग तिने हात पुढे करून इंजिन बंद केलं. "पुरे, बाबा," म्हणाली, चावी काढून पर्समध्ये टाकली, उतरली आणि पोरीला घेऊन पाचच्या बसकडे निघून गेली.

रक्तात सापडलं. सुई लागली नाही. दोन महिने झाले आता, भिंगरी परत गोल गोल फिरून पडते आहे. लेक पोरीला शेजारणीकडे ठेवून शाळेत बसने जाते. गाडी आमच्या अंगणात उभी आहे. दादा रोज सकाळी ती पुसतो. दुसरी चावी करून घेणं त्याच्यासारख्याला दहा मिनिटांचं काम आहे, पण त्याने केली नाही. गिऱ्हाईक आलं की उद्या या म्हणतो, आणि आता कोणी हसलं तरी मान वर करत नाही.

लेक रोज संध्याकाळी फोन करते, मला. दादा दारात उभा राहून ऐकतो. भिंगरीच्या पायांचा आवाज ऐकू यावा म्हणून मी फोन जरा लांब धरते. ती त्याला फोन द्यायला सांगत नाही. परवा म्हणाली, "आत्या, त्या घरात तू आहेस म्हणून मी फोन तरी करू शकते. तुला माहीत असतं तर तू त्यांना तसं करू दिलं नसतंस." मी म्हटलं, हं. दादा दारातच होता. त्याला तिकडचं ऐकू गेलं नसणार, पण माझा चेहरा दिसत होता. तो आत निघून गेला.

उद्या फोन आला की सांगणार आहे.